फीडबॅक फॉर्म आला कुठून?

सेमिस्टर संपत आलं की आमच्या कॉलेजच्या सगळ्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकच मेसेज फिरायला लागतो, "सर्वांनी आजच्या आज फीडबॅक फॉर्म भरा, कंपल्सरी आहे". शिक्षकांना रेटिंग द्यायचा हा फॉर्म पोरं बसस्टॉपवर उभ्या उभ्या भरून टाकतात, वरपासून खालपर्यंत एकाच कॉलममध्ये टिक टिक टिक. एका वर्षी तर नोकरी सोडून गेलेल्या एका सरांनाही 'उत्कृष्ट' मिळालं, त्यांचं नाव फॉर्ममधून काढायचं राहून गेलं होतं.

आपल्याकडे बऱ्याच जणांना वाटतं की हे सगळं नॅकमुळे, म्हणजे कॉलेजांचा दर्जा तपासणाऱ्या संस्थेमुळे सुरू झालं, पण प्रकरण त्याहून खूप जुनं आहे. अमेरिकेत इंडियाना राज्यात पर्ड्यू युनिव्हर्सिटी आहे, तिथे हर्मन रेमर्स नावाचे मानसशास्त्रज्ञ होते, त्यांनी एका सहकाऱ्यासोबत 1927 साली शिक्षकांना रेट करायचं स्केल काढलं. त्यात 10 गोष्टी होत्या. विषयात किती रस आहे, मार्क देताना पक्षपात करतो का, विषय कसा मांडतो, कुतूहल जागं करतो का वगैरे, आणि त्याच यादीत विनोदबुद्धी, विचित्र सवयी आणि चक्क दिसणं-राहणीमान पण! म्हणजे कडक इस्त्रीचे पण मार्क होते म्हणायचं. "पोरांना काय कळतंय" हा आक्षेप तेव्हाही होताच, आणि रेमर्सनी तो तपासण्यात बरीच वर्षं घातली. 1951 च्या एका अभ्यासात त्यांनी पास होऊन 10 वर्षं झालेल्या माजी विद्यार्थ्यांची मतं घेतली आणि वर्गात बसलेल्या मुलांच्या मतांशी लावून बघितली, तर ती बऱ्यापैकी जुळली. "मोठे झाले की किंमत कळेल" हे आपलं आवडतं वाक्य तिथेच जरा लंगडं पडलं.

1960 च्या दशकात विद्यार्थी चळवळी पेटल्या तेव्हा कॅलिफोर्नियातल्या बर्कले युनिव्हर्सिटीसारख्या ठिकाणी मुलांनी स्वतःच प्राध्यापकांची चिरफाड करणाऱ्या पुस्तिका छापल्या. मग 70 च्या दशकात प्रशासनाच्या लक्षात आलं की अरे हा तर आयता आकडा आहे, प्रमोशनला वापरता येईल. माझ्या मते गाडी रुळावरून घसरली ती इथे, कारण जो कागद शिक्षकाने स्वतःसाठी वाचायचा तो आता साहेबाच्या टेबलावर जायला लागला.

त्याच काळातला डॉ. फॉक्सचा किस्सा तर प्रत्येक शिक्षकाला माहीत पाहिजे. कॅलिफोर्नियात तीन संशोधकांनी मायकल फॉक्स नावाच्या नटाला 'डॉ. मायरन फॉक्स' म्हणून उभं केलं, विषय काय तर गणिती गेम थिअरी आणि डॉक्टरांचं शिक्षण, ज्यातलं त्याला ओ की ठो माहीत नव्हतं. त्याने एका लेखाच्या जोरावर तासभर मुद्दाम परस्परविरोधी बोलणं, स्वतःच बनवलेले शब्द आणि मधे मधे जोक असं सगळं झोकात सादर केलं, वर प्रश्नोत्तरंही निभावली. श्रोते कोण, तर मानसोपचारतज्ज्ञ आणि शिक्षणातलीच मंडळी. रेटिंग मस्त आलं, आणि एकाने तर यांचे लेख मी वाचलेत असंही लिहून दिलं! 1973 साली हे छापून आलं.

पुढे अभ्यासांचा ढीग पडला. 1981 च्या एका मोठ्या आढाव्यात चांगलं रेटिंग आणि मुलांचं शिकणं यांचा बरा संबंध दिसला होता, 2017 मध्ये दुसऱ्यांनी तेच आकडे नव्याने तपासले तर संबंध जवळपास शून्यावर आला. 2018 मध्ये टोरांटोच्या रायर्सन युनिव्हर्सिटीच्या वादात लवादाने सांगून टाकलं की प्रमोशनसाठी शिकवण्याचा दर्जा या आकड्यांवरून मोजायचा नाही.

या भांडणात एक कामाची गोष्ट मागेच राहिली. 1980 च्या एका आढाव्यात दिसलं होतं की टर्मच्या मधेच फीडबॅक दिला तर शिकवणं थोडं सुधारतं, पण कोणीतरी अनुभवी माणूस शिक्षकासोबत बसून त्यावर बोलला तर बरंच जास्त सुधारतं. सिॲटलच्या युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टनमध्ये त्याच सुमारास अशीच एक साधी पद्धत निघाली, शिक्षकाने वर्गाबाहेर जायचं, दुसऱ्या कोणीतरी मुलांचे छोटे गट करून कशाने शिकायला मदत होतेय आणि काय बदलायला हवं ते विचारायचं, आणि मग शिक्षकाशी बसून बोलायचं. आकडा वगैरे काही नाही.

आपल्याकडे नॅक 1994 ला आलं आणि फीडबॅक फाइलमध्ये शिरला. गोळा करा, विश्लेषण करा, ॲक्शन टेकन रिपोर्ट लिहा, वेबसाइटवर टाका, या प्रत्येक पायरीला मार्क. 2017 च्या नव्या पद्धतीत नॅक मुलांना परस्पर प्रश्नावली पाठवायला लागलं, 20 प्रश्न टिक करायचे, पहिलाच प्रश्न सिलॅबस किती टक्के शिकवून झाला. 21 वा प्रश्न तेवढा लिहायचा, सुधारणेसाठी तीन सूचना द्या, आणि आमची पोरं तिथे एक टिंब देऊन सबमिट मारतात, कारण तो चौकोन रिकामा ठेवला तर फॉर्म पुढे जात नाही अशी त्यांची समजूत आहे.

गेल्या वर्षी मी सहाव्या आठवड्यात शेजारच्या मॅडमना माझ्या वर्गात पाठवलं आणि स्वतः कॅंटीनला जाऊन बसलो. अर्ध्या तासाने त्या एक चुरगळलेला कागद घेऊन आल्या. त्यावर पहिलंच वाक्य होतं, "सर फळा फार लवकर पुसतात".