प्रायमरीचा पोल वेगळा, नोव्हेंबरचा पोल वेगळा

अमेरिकेतला निवडणुकीआधीचा एक पोल, म्हणजे जनमत चाचणी, चुकली की आपण सगळ्याच पोलवर फुली मारतो. हा अन्याय आहे. नोव्हेंबरच्या मुख्य निवडणुकीआधीचा पोल आणि मतदारांच्या मतांनी पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या प्रायमरीआधीचा पोल घेणाऱ्या संस्था बऱ्याचदा त्याच असतात. पण प्रायमरीचे पोल कितीतरी जास्त चुकतात.

नोव्हेंबरमध्ये बहुतेकांचा पक्ष आधीच ठरलेला असतो. उमेदवार फारसा आवडला नाही तरी मत सहसा तिकडेच जातं. प्रायमरीत सगळे उमेदवार एकाच पक्षाचे, त्यामुळे शेवटच्या दोन दिवसांत मन बदलणं अगदी सोपं. (आपल्याकडे तिकीट पक्षश्रेष्ठी देतात, म्हणून हे चटकन लक्षात येत नाही.) शिवाय मतदान कमी होतं आणि नेमकं कोण येणार हे ओळखणं कठीण.

2008 चं न्यू हॅम्पशायर बघा. डेमोक्रॅटिक पक्षाच्या उमेदवारीच्या लढतीत 3 जानेवारीला ओबामा आयोवा राज्यात जिंकले आणि 8 तारखेला इथे मतदान. मधल्या पोलमध्ये ओबामा सरासरी आठेक टक्क्यांनी पुढे होते. जिंकल्या हिलरी क्लिंटन, सुमारे अडीच टक्क्यांनी. त्याच दिवशी, त्याच राज्यात रिपब्लिकन प्रायमरीत मॅकेन जिंकणार हे मात्र पोलनी बरोबर सांगितलं होतं! म्हणजे पोलवाल्यांना काम येत नव्हतं असं म्हणता येत नाही. जनमत संशोधकांच्या संघटनेने नंतर चौकशी केली. बरेच पोल मतदानाच्या आधीच थांबले होते, त्यामुळे शेवटचा बदल त्यांत उतरला नसावा. शिवाय फोनवर सहज न सापडणाऱ्यांत क्लिंटन यांचा पाठिंबा जास्त दिसला.

2016 मध्ये मिशिगनला तर कहर झाला. क्लिंटन वीसेक टक्क्यांनी पुढे दिसत होत्या, पण डेमोक्रॅटिक प्रायमरीतले त्यांचे प्रतिस्पर्धी सँडर्स दीड टक्क्याने जिंकले. 2008 मध्ये तिथे तारखेचा वाद होऊन ओबामांचं नाव मतपत्रिकेवरच नव्हतं, त्यामुळे तुलनेला मागचा धड अनुभवही नव्हता.

नोव्हेंबरचे पोलही चुकतात. 2016 मध्ये विस्कॉन्सिन राज्यात पोल क्लिंटन यांना पुढे दाखवत होते, जिंकले ट्रम्प. पण त्या वर्षी देशपातळीवर क्लिंटन यांची आघाडी तीनेक टक्के दाखवली होती आणि मतं दोन टक्के जास्त मिळाली.

पोलखाली छापलेलं 'अधिक-उणे 4 टक्के' फक्त नमुन्याची चूक, म्हणजे सगळ्यांऐवजी थोड्याच लोकांना विचारल्याने येणारी चूक, सांगतं. प्रायमरीचा आकडा वाचताना आधी फोन कुठल्या तारखांना केले ते पाहा, आणि 'अजून ठरवलं नाही' म्हणणारे किती होते तेही.