एसपीएफचा आकडा आणि सावळी त्वचा

सावळ्या किंवा काळ्या त्वचेच्या माणसाने सनस्क्रीन लावावे की नाही, या प्रश्नाला आजही उलटसुलट उत्तरे मिळतात. हा गोंधळ समजून घ्यायचा तर सनस्क्रीनच्या बाटलीवरचा एसपीएफ (सन प्रोटेक्शन फॅक्टर, म्हणजे उन्हापासूनचा संरक्षणांक) हा आकडा कुठून आला ते आधी पाहावे लागते. ऑस्ट्रियन रसायनतज्ज्ञ फ्रान्झ ग्रायटर यांनी 1974 मध्ये ही संकल्पना रूढ केली आणि 1978 मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने ती उचलून धरली. तिची चाचणी पाठीवर होते. त्वचेच्या आखलेल्या छोट्या चौकोनांपैकी काहींवर दर चौरस सेंटिमीटरला 2 मिलिग्रॅम या प्रमाणात सनस्क्रीन लावतात, काही तसेच ठेवतात, दिव्याने अतिनील किरणांचे वाढते डोस देतात आणि दुसऱ्या दिवशी कोणता चौकोन लाल झाला ते पाहतात. लाली चटकन उमटावी आणि स्पष्ट दिसावी, म्हणून चाचणीसाठी माणसेही उन्हाने सहज भाजणाऱ्या गोऱ्या त्वचेचीच निवडली गेली. त्यामुळे हे माप मुळातच भाजण्याचे, आणि तेही मुख्यतः यूव्हीबी या भाजवणाऱ्या अतिनील किरणांनी भाजण्याचे ठरले.

त्वचेचे प्रकार ठरवणारी अमेरिकन त्वचारोगतज्ज्ञ फिट्झपॅट्रिक यांची प्रसिद्ध वर्गवारीही याच सुमाराची, म्हणजे 1975 ची. सोरायसिस या त्वचारोगाच्या रुग्णांना औषधासोबत अतिनील किरण देताना पहिला डोस किती ठेवावा, एवढ्याच मर्यादित गरजेतून ती तयार झाली. ऊन लागल्यावर तुम्ही भाजता की रापता, हा तिचा मूळ प्रश्न होता आणि सुरुवातीचे चारही प्रकार गोऱ्या त्वचेचे होते. तपकिरी आणि काळ्या त्वचेसाठी पाचवा आणि सहावा प्रकार मागाहून जोडण्यात आला. जगातील एवढ्या मोठ्या लोकसंख्येची सोय पुरवणीत लावली गेली, असे म्हटले तर ते फारसे चुकीचे ठरणार नाही.

‘काळ्या त्वचेला सनस्क्रीन नको’ या समजुतीला आधार मात्र होता. मेलॅनिन हे त्वचेला रंग देणारे द्रव्य बनवणाऱ्या पेशी सर्वांच्या त्वचेत साधारण सारख्याच संख्येने असतात. गडद त्वचेत मात्र मेलॅनिनचे कण अधिक मोठे आणि सुटे पसरलेले असतात. या कणांमुळे मिळणारे संरक्षण फिलाडेल्फियातील संशोधकांनी 1979 मध्ये मोजले. काळ्या बाह्यत्वचेचा संरक्षणांक सरासरी 13.4 भरला, तर गोरीचा 3.4. काळ्या बाह्यत्वचेतून सुमारे 7 टक्के यूव्हीबी आणि 17.5 टक्के यूव्हीए (अतिनील किरणांचा त्वचेत अधिक खोल जाणारा प्रकार) किरण आत जात होते, गोरीतून अनुक्रमे 24 आणि 55 टक्के. लोकांच्या लक्षात 13 हा आकडा राहिला. त्याच निष्कर्षांतले यूव्हीएचे साडेसतरा टक्के सहसा कोणी सांगत नाही.

कर्करोगाची भीती घालून सनस्क्रीन खपवण्याची पद्धतही इथे नीट बसत नाही. गायक बॉब मार्ले यांचा 1981 मध्ये ज्या मेलॅनोमाने, म्हणजे त्वचेच्या एका कर्करोगाने, मृत्यू झाला, तो पायाच्या अंगठ्यात सुरू झाला होता. गडद त्वचेच्या लोकांत मेलॅनोमा बहुधा तळपाय, तळहात किंवा नखाखाली आढळतो आणि या जागांच्या मेलॅनोमाचा संबंध उन्हाशी जोडता येत नाही.

गडद त्वचेची खरी तक्रार डागांची असते. मुरूम बसल्यावर मागे राहिलेला काळा ठिपका किंवा गालावरचा वांग उन्हात अधिकच गडद होतो, आणि तेही त्वचा लाल न होता. म्हणून एसपीएफच्या चाचणीला तो दिसतच नाही. 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तर डोळ्यांना दिसणाऱ्या साध्या प्रकाशानेही गडद त्वचेवर टिकाऊ काळेपणा आला, गोऱ्या त्वचेवर आला नाही. सनस्क्रीनमधल्या झिंक ऑक्साइड आणि टायटॅनियम डायऑक्साइड यांचे मोठे पांढरे कण हा प्रकाश बऱ्यापैकी अडवतात, पण सावळ्या गालावर राख फासल्यासारखा थर दिसतो आणि माणूस ती ट्यूब पुन्हा हातात घेत नाही. कण बारीक केल्यावर राखाडी छटा कमी झाली, पण दृश्य प्रकाश अडवण्याचे कामही त्याबरोबर घटले. आयर्न ऑक्साइड घातलेल्या रंगीत सनस्क्रीनने त्यावर तोड काढली: त्याचा रंग त्वचेत मिसळतो आणि तोच प्रकाश अडवतो. बाटलीवरच्या एसपीएफच्या आकड्यात मात्र या प्रकाशाचा हिशेब आजही धरलेला नसतो.