समुद्र आधी विहिरीत शिरतो

समुद्राची पातळी वाढली की बेटं पाण्याखाली जाणार, हे आता सगळ्यांना ठाऊक आहे. पण घर सोडायची वेळ त्याच्या कितीतरी आधी येते. पॅसिफिकमधल्या किरिबाटी, तुवालू या प्रवाळबेटांवर ना नदी, ना डोंगर. जमीन समुद्रापासून जेमतेम दोन-तीन मीटर उंच. प्यायला पावसाचंच पाणी, टाकीत साठवलेलं किंवा वाळूत मुरलेलं.

हे मुरलेलं गोडं पाणी हलकं असल्याने खालच्या खाऱ्या पाण्यावर भिंगासारखं तरंगत राहतं. दोघांच्या घनतेतला फरक अवघा अडीच टक्क्यांचा. म्हणून समुद्रसपाटीच्या वर गोड्या पाण्याचा १ मीटर थर असेल, तर खाली साधारण ४० मीटर असतो. नैसर्गिक साठवणीची ही किती सुंदर युक्ती! पण तोच हिशेब उलटाही फिरतो. दुष्काळात वरची पातळी १० सेंटिमीटर उतरली, की तळातून खारं पाणी हळूहळू ४ मीटर वर चढतं. त्यात मोठ्या भरतीच्या लाटा बेटावर चढल्या, तर मीठ वरूनही झिरपतं आणि ते धुऊन जायला पावसाला कित्येक महिने लागतात. तुवालूत पुलाका नावाचा अळूच्या जातीचा कंद या गोड्या पाण्यापर्यंत खणलेल्या खड्ड्यांत लावतात. खड्डा मचूळ झाला की कंद जमिनीतच कुजतो.

मग घरातलं कुणीतरी कामासाठी बाहेर पडतं. ते हवामानामुळे गेलं की पोटासाठी? कायदा इथेच अडतो. १९५१च्या निर्वासित करारात वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, विशिष्ट सामाजिक गट आणि राजकीय मत एवढीच छळाची कारणं मोजली आहेत. किरिबाटीच्या आयोआने तेइतिओता यांनी न्यूझीलंडमध्ये आश्रय मागितला, तो नाकारून २०१५मध्ये त्यांना परत पाठवलं गेलं. संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीनेही त्यांच्या बाजूने निकाल दिला नाही. मात्र हवामान बदलामुळे जिवाला धोका असेल तिथे माणसाला परत धाडणं बेकायदेशीर ठरू शकतं, असं तिने २०२०मध्ये स्पष्ट म्हटलं. मला हे वाक्य फार मोलाचं वाटतं.

सीमा ओलांडणारे तसे थोडेच. बहुतेक जण आपल्याच देशात हलतात. जागतिक बँकेच्या २०२१च्या अंदाजानुसार २०५०पर्यंत अशांची संख्या २१ कोटी ६० लाखांवर जाऊ शकते. उत्सर्जन वेळीच घटवलं आणि विकास सर्वांपर्यंत पोचला, तर ती ८० टक्क्यांपर्यंत कमी होऊ शकते, असंही तोच अहवाल सांगतो.

आणि माझा जीव सर्वांत जास्त तुटतो तो न निघू शकणाऱ्यांसाठी. गाव सोडायला गाठीशी पैसा लागतो, पुढे कुणी ओळखीचं लागतं. पीक गेलं की आधी तोच पैसा संपतो. अशी कुटुंबं मचूळ विहिरीचं पाणी पीत जागीच राहतात, आणि स्थलांतराच्या आकड्यांत ती कुठेच दिसत नाहीत.