सौम्यतेची साधना : इजिप्तच्या वाळवंटापासून लोणावळ्यापर्यंत

ख्रिस्ती ध्यानप्रार्थना म्हटली की आज श्वास, मौन, मनःशांती हेच आधी डोळ्यांसमोर येते. पण ही वाट ज्यांनी पाडली, त्यांना छळणारा प्रश्न वेगळाच होता : मनातल्या रागाचे काय करायचे?

चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात शेकडो संन्यासी जाऊन राहिले. घरदार सोडले, उपासतापास केले, टोपल्या विणून पोट भरले. ‘जे सौम्य ते धन्य’ हे येशूचे वचन (मत्तय ५:५) त्यांना तोंडपाठ होते. तरीही प्रार्थनेला बसले की कुणी कधी केलेला अपमान हमखास वर यायचा.

या अनुभवाचा सर्वांत बारकाईने विचार केला तो इव्हाग्रिअसने. कॉन्स्टँटिनोपलमध्ये नाव कमावलेला हा विद्वान एका विवाहितेच्या प्रेमात गुंतला, तिथून जेरुसलेमला पळाला आणि ३८३च्या सुमारास इजिप्तला पोहोचला. ३९९ मध्ये वारला तोही तिथेच. प्रार्थना सौम्यतेतून उगवते, असे तो लिहितो. दुखावणाऱ्या भावावर सूड उगवायला जे जे कराल, ते प्रार्थनेच्या वेळी आडवे येईल, असेही बजावतो. वेदीपाशी अर्पण तसेच ठेवून आधी भावाशी समेट करायला सांगणारे येशूचे वचन तो प्रार्थनेला लावतो. क्रोध उसळला तर त्यावर त्याचे उपाय तीन : स्तोत्रगान, सहनशीलता आणि दया. मनात अढी बसली असेल तर भेटवस्तू द्या, बायबलमधल्या याकोबाने आपल्या रागावलेल्या भावाला, एसावाला, दिल्या तशा. तापट संन्याशापेक्षा सौम्य संसारी माणूस बरा, इतके स्पष्ट तो सांगतो. पुढे ५५३च्या धर्मसभेच्या सुमारास त्याच्या काही मतांवर पाखंडाचा शिक्का बसला. प्रार्थनेवरचा त्याचा ग्रंथ नायलस नावाच्या दुसऱ्या साधूच्या नावावर टिकून राहिला.

ही शिकवण पश्चिमेकडे नेली योहान कॅसियनने. इजिप्तमध्ये बरीच वर्षे काढून तो ४१५च्या सुमारास आजच्या फ्रान्समधल्या मार्सेला स्थिरावला. माणसांपासून दूर गेले की राग जातो, हा समज त्याने स्वतःच्याच अनुभवाने खोडला. एकांतात राहताना बोरू जाड किंवा बारीक निघाला म्हणून, चाकूला धार नाही म्हणून, गारगोटीची ठिणगी लवकर पडत नाही म्हणून आपण संतापत होतो, असे त्याने लिहून ठेवले आहे. या सगळ्या परंपरेत इतका प्रामाणिक उतारा मला दुसरा दिसत नाही. रागवायला समोर माणूसच नव्हता, तरी राग होताच.

त्याने दिलेला उपाय म्हणजे बायबलमधल्या सत्तराव्या स्तोत्राची पहिली ओळ : देवा, माझ्या साहाय्याला ये. उठता-बसता, काम करताना, झोपताना हीच ओळ मनात घोळवायची. राग माझी सौम्यता हिरावू पाहतो तेव्हाही हीच हाक मारायची, असे तो खास नमूद करतो. इथे सौम्यता दाखवण्याचा आव नाही. आपल्याने ती जमत नाही अशी कबुली आहे, आणि तिथूनच ती रुजते. सहाव्या शतकात पाश्चात्त्य मठजीवनाचे नियम घालून देणाऱ्या संत बेनेडिक्टने आपल्या मठांत कॅसियनचे वाचन लावून दिले. पाश्चात्त्य चर्चच्या दैनंदिन प्रार्थनांची सुरुवात आजही याच ओळीने होते.

सतराव्या शतकात संत फ्रान्सिस दि सेल्स यांनी ही शिकवण मठाबाहेर, प्रपंचातल्या माणसांपर्यंत आणली. १६०९च्या त्यांच्या ग्रंथात एक मोलाची भर आहे : आपण रागावलो म्हणून स्वतःवर रागावू नका, स्वतःच्या चुकांशीही सौम्य राहा. १९७०च्या दशकात अमेरिकेत थॉमस कीटिंग आणि त्यांच्या सहकारी मठवासीयांनी एका पवित्र शब्दाच्या आधाराने करायची मौन प्रार्थना सामान्य लोकांना शिकवायला सुरुवात केली.

महाराष्ट्रात हा धागा दिसतो तो लोणावळ्याच्या साधना संस्थेत. तिचे संस्थापक, मुंबईत जन्मलेले येशूसंघीय (जेझुइट) धर्मगुरू अँथनी डिमेलो (१९३१–१९८७) यांनी १९७८च्या ‘साधना’ या पुस्तकात श्वासाच्या जाणिवेबरोबर येशूच्या नामाची प्रार्थनाही दिली. मनातली अढी सोडण्याचाही एक पाठ त्यात आहे : जिच्यावर राग आहे ती व्यक्ती समोर आहे असे कल्पायचे, तिला सगळा राग मोकळेपणाने बोलून दाखवायचा आणि मग तोच प्रसंग तिच्या बाजूने पाहायचा.