मुंबईची थंडी कधी? आधी इराणच्या वरचं आकाश बघा

दिवाळीचे कंदील उतरले की मुंबईत एक प्रश्न सुरू होतो तो थेट डिसेंबर संपेपर्यंत चालतो, यंदा थंडी कधी पडणार? ऑफिसात, सोसायटीच्या ग्रुपवर, सकाळी वॉकला निघालेल्या काकांच्या कट्ट्यावर, सगळीकडे. उत्तरं पण तयारच असतात. कुणी फॉरवर्ड टाकतं की यंदा ला निना आहे म्हणजे हाडं गोठणार, कुणी म्हणतं पाऊस लांबला म्हणजे थंडीपण लांबणार, कुणी तर सरळ तारीखच सांगून मोकळं होतं. मला हा विषय मनापासून आवडतो आणि म्हणूनच सांगावंसं वाटतं की याचा अंदाज बांधता येतो, चांगला बांधता येतो, फक्त तो महिनाभर आधी नाही तर चार-पाच दिवस आधी, आणि त्यासाठी मुंबईचं आकाश बघून काही उपयोग नाही.

कारण मुंबईची स्वतःची अशी थंडी नसतेच. तीन बाजूंनी समुद्र, आणि त्या समुद्राच्या पाण्याचं तापमान जानेवारीतसुद्धा पंचविशीच्या आसपास, त्यामुळे शहर आपल्या आपण फार गार होऊच शकत नाही. जो काही गारठा येतो तो उत्तरेकडून वाऱ्याबरोबर येतो. आणि उत्तरेत तो नीट कधी साठतो, तर हिवाळ्यातलं पहिलं मोठं वादळ काश्मीर-हिमाचलवरून बर्फ टाकून पुढे सरकलं की. म्हणजे मुंबईकराने विचारायचा खरा प्रश्न हा की सीझनचं पहिलं दमदार हिवाळी वादळ हिमालयावर कधी आदळणार.

या वादळांना हवामान खातं वेस्टर्न डिस्टर्बन्स म्हणतं, आपल्या पेपरात पश्चिमी झंझावात किंवा पश्चिमी चक्रावात असं छापून येतं. आपल्या ओळखीची चक्रीवादळं समुद्राच्या गरम पाण्यावर जगतात, ही तशी नाहीत. ही जन्मतात भूमध्य समुद्र, काळा समुद्र, कॅस्पियन या पट्ट्यात, आणि गार हवा नि उबदार हवा यांच्या टकरीतून त्यांना ताकद मिळते. मग जमिनीपासून साधारण १२ किलोमीटर उंचीवर जी जेट स्ट्रीम वाहते, म्हणजे पश्चिमेकडून पूर्वेकडे पळणारा वाऱ्याचा अरुंद पट्टा, ताशी दीडशे-दोनशे किलोमीटर, कधी अडीचशेच्या घरात, त्या पट्ट्यातल्या लाटांबरोबर ती इराण, अफगाणिस्तान, पाकिस्तान करत आपल्याकडे येतात. पावसाळ्यात ही जेट हिमालयाच्या पलीकडे उत्तरेला असते. मान्सून परतला, मुंबईतून त्याच्या परतीची सर्वसाधारण तारीख ८ ऑक्टोबर धरतात, की ती खाली दक्षिणेला सरकायला लागते आणि या वादळांसाठी रस्ता मोकळा होतो. भर हिवाळ्यात महिन्याला चार ते सात अशी वादळं येऊन जातात, पण बरीचशी लेचीपेची, नुसते ढग आणतात आणि जातात. पहिलं जोरदार कोणतं असेल तिथेच सगळी गंमत आहे.

ती तारीख किती इकडेतिकडे होते बघा. २०१८ मध्ये ३ नोव्हेंबरलाच काश्मीरमध्ये जबरदस्त बर्फ पडला, झाडांवरची पानं अजून गळलेली नव्हती, पानांवर बर्फ साचून सफरचंदाच्या फांद्याच्या फांद्या मोडल्या. पुढच्याच वर्षी, २०१९ मध्ये, ७ नोव्हेंबरच्या सुमारास परत तेच, परत बागायतदारांचं नुकसान. दोन वर्षं लागोपाठ असं झाल्यावर कुणालाही वाटेल की आता नोव्हेंबरचा पहिला आठवडा ठरलेलाच. आणि मग २०२३-२४ चा हिवाळा असा गेला की अख्खा डिसेंबर कोरडा, जानेवारीचा बहुतेक भाग कोरडा, गुलमर्गला स्कीइंगला गेलेले लोक तपकिरी गवतावर उभं राहून फोटो काढत होते, चिल्लई कलान म्हणजे काश्मीरच्या कडक थंडीचे चाळीस दिवस, २१ डिसेंबरला सुरू होतात, तेसुद्धा जवळजवळ बर्फाविना संपत आले, आणि खरा बर्फ आला जानेवारीच्या शेवटी. नोव्हेंबरचा पहिला आठवडा ते जानेवारीचा शेवट, पावणेतीन-तीन महिन्यांचा फरक! त्यामुळे कुणी ऑक्टोबरमध्ये तारीख सांगत असेल तर तो अंदाज नसतो, ती इच्छा असते.

मग ला निना, एल निनोचं काय? त्यांचा संबंध आहे, पण तो पूर्ण सीझनच्या सरासरीशी. प्रशांत महासागर गार (ला निना) की गरम (एल निनो) यावरून जेट थोडी इकडे-तिकडे होते, वादळांचा जोर आणि उत्तरेतल्या थंडीच्या लाटांचा कल बदलतो, आणि हवामान खातंसुद्धा डिसेंबर ते फेब्रुवारीचा एकत्रित अंदाज देतं की तापमान सरासरीपेक्षा जास्त राहील की कमी. पण तीन महिन्यांची सरासरी म्हणजे तारीख नव्हे. जेटमधली एक विशिष्ट लाट दहा तारखेला खोल होणार की वीसला हे त्यातून कळत नाही, कारण वातावरणात आजचा बारीकसा फरक दोन आठवड्यांत वाढून वाढून पूर्ण चित्रच बदलून टाकतो, एडवर्ड लॉरेन्झ यांनी १९६३ मध्ये हे गणिताने दाखवलं आणि आजचे सुपरकॉम्प्युटरसुद्धा त्या भिंतीपलीकडे नीट बघू शकत नाहीत. म्हणून आता एकच अंदाज काढत नाहीत. सुरुवातीची स्थिती किंचित किंचित बदलून हवामानाचं तेच संगणकी मॉडेल अनेकदा चालवतात, युरोपियन सेंटर ही हवामान अंदाजाची संस्था ५१ वेळा चालवते, आणि मग बघतात की त्यातल्या किती वेळा वादळ दिसतंय. पंधरा दिवस आधी ५१ पैकी दहा-बारा म्हणतायत आणि बाकीचे नाही म्हणतायत, असं असेल तर गप्प बसावं. सहा दिवसांवर येऊन चाळीसेक एकाच सुरात बोलायला लागले की मग स्वेटर बाहेर काढायला हरकत नाही.

हे सगळं विरार लोकलसारखं आहे. पुढच्या महिन्यात अमुक दिवशी गाडी वेळेवर येईल का हे कुणीच सांगू शकत नाही, पण ती विरारहून सुटली हे एकदा कळलं की अंधेरीला कधी येईल हे बोटावर मोजता येतं.

आणि खरंच बोटावर मोजता येतं, कसं ते सांगतो. हवामान खात्याच्या रोजच्या बुलेटिनमध्ये हिवाळ्यात एक ठरलेलं वाक्य असतं, साधारण असं की पश्चिमी झंझावात समुद्रसपाटीपासून ५.८ किलोमीटर उंचीवर द्रोणीय स्थितीच्या रूपात आहे, रेखांश ६४ पूर्व, अक्षांश २८ च्या उत्तरेला. बहुतेक लोक हे वाक्य सोडून खाली आपल्या जिल्ह्याचं तापमान बघायला जातात, पण सगळा माल याच वाक्यात आहे. द्रोणीय स्थिती म्हणजे वरच्या वाऱ्याची लाट जिथे दक्षिणेकडे खाली वाकलीय ती जागा, वादळाचा कणाच म्हणा. ही लाट दिवसाला साधारण आठ ते दहा रेखांश पूर्वेला सरकते. तेहरान आहे ५१ रेखांशावर, कराची ६७ वर, श्रीनगर ७५ च्या जवळ. म्हणजे आज लाट तेहरानच्या वर असेल तर काश्मीरपर्यंत चोवीस रेखांशांचं अंतर, अडीच-तीन दिवस. बुलेटिनमध्ये ६४ लिहिलंय म्हणजे ती कराचीच्या थोडी पश्चिमेला पोचलीय, दिवस-सव्वा दिवसात येतेच. त्यात वादळ पुढे सरकून आकाश निरभ्र व्हायला आणि वारा फिरायला एक-दोन दिवस धरा, झाली मुंबईची तारीख. ज्यांना आकडे नको वाटतात त्यांनी इन्सॅट उपग्रहाचे फोटो बघावेत, इराण-अफगाणिस्तानवरून ढगांचा लांब वाकडा पट्टा येताना साध्या डोळ्यांना दिसतो, आणि हे फोटो सगळ्यांना फुकट बघायला मिळतात.

आता मुंबईत काय होतं ते. वादळ जवळ येत असताना आपल्याकडे थंडी वाढत नाही, उलट कमी होते. लाटेच्या पुढच्या बाजूला वारे दक्षिणेकडून वर खेचले जातात, हवेत ओल वाढते, ढग येतात, रात्रीचं तापमान दोन-तीन अंशांनी चढतं आणि लोक म्हणतात गेली थंडी. खरं तर ही येणाऱ्या थंडीची खूण असते. लाट पुढे गेली की तिच्या मागे अफगाणिस्तानकडून कोरडी गार हवा राजस्थानात उतरते, आकाश स्वच्छ होतं, आणि स्वच्छ आकाशाखाली पंजाब-राजस्थानची जमीन रात्रभर उष्णता वर सोडून देऊन गार पडते. हिमालयातला बर्फाळ वारा थेट मुंबईत येतो असं आपण म्हणतो पण तसं नाहीये, आपल्याला मिळते ती या मैदानांवर गार झालेली हवा, गुजरातवरून उत्तरेच्या वाऱ्याबरोबर आलेली. वारा कुठल्या दिशेचा आहे हे तर फारच महत्त्वाचं, कारण पूर्वेचा असेल तर घाट उतरताना हवा दाबली जाऊन तापते, शिवाय तो दुपारच्या खाऱ्या वाऱ्यांना समुद्रातच अडवून धरतो, आणि मग डिसेंबरातसुद्धा पारा ३५ च्या वर जातो.

डिसेंबर २०२४ चा पहिला आठवडा आठवतोय का? ४ डिसेंबरला सांताक्रूझला ३७.३ अंश, सोळा वर्षांतला डिसेंबरमधला सगळ्यात गरम दिवस. आणि ९ डिसेंबरच्या पहाटे त्याच सांताक्रूझला १३.७. पाच दिवसांत! झालं असं होतं की फेंगल चक्रीवादळ ३० नोव्हेंबरला पुदुच्चेरीजवळ किनाऱ्यावर आलं, त्याचे अवशेष दक्षिण भारत ओलांडून अरबी समुद्राकडे गेले, आणि त्या काळात आपल्याकडे उत्तरेचा वारा बंद. ते अवशेष विरले, वारा परत उत्तरेचा झाला, आणि तिकडे ८ डिसेंबरला शिमल्यात सीझनचा पहिला बर्फ पडला. म्हणजे उत्तरेतली मोजणी अचूक असली तरी दक्षिणेकडे काही शिजत नाहीये ना हे बघावंच लागतं. ऑक्टोबर ते डिसेंबर हा चक्रीवादळांचाही सीझन, त्यामुळे मुंबईची पहिली थंडी दोन्ही बाजूंच्या कात्रीत असते. २०१७ च्या डिसेंबरात ओखीने तर थंडीच्या जागी चक्क पाऊस दिला, शाळांना सुट्टी द्यावी लागली होती. माझ्या मते डिसेंबरच्या मध्यापर्यंतचे बरेचसे अंदाज फसतात ते याच दक्षिणेच्या बाजूमुळे, लोक फक्त काश्मीरच्या बातम्या बघत बसतात.

आणि मुंबई म्हणजे एक आकडा नाही हे पण लक्षात घ्या. २२ जानेवारी १९६२ ला सांताक्रूझला ७.४ अंश नोंदले गेले, तो आजवरचा नीचांक, आणि त्याच थंडीत कुलाब्याला ११.७. एकाच शहरात सव्वाचार अंशांचा फरक, कारण कुलाब्याला समुद्र रात्रभर ऊब देत असतो आणि उपनगरात जमीन मोकळी गार होते. आरे, बोरिवलीची नॅशनल पार्ककडची बाजू, पुढे बदलापूर-कर्जत, जसं आत जाल तसा गारठा वाढतो. त्यामुळे कफ परेडचा माणूस कुठाय थंडी म्हणतो आणि कर्जतवाला कानटोपी घालून पहाटेची गाडी पकडतो, दोघंही खरं बोलत असतात.

कधी कधी हेच वादळ वेगळंच काही घेऊन येतं. २३ जानेवारी २०२२ ला पाकिस्तानकडून उठलेली धूळ समुद्रावरून मुंबईत पोचली, वरळीहून सी लिंक धुरकट, गाड्यांवर पांढरट थर, आणि सूर्यच झाकला गेल्यामुळे भर दुपारी गारवा. तेसुद्धा पश्चिमी झंझावाताचंच काम.

यात मला सगळ्यात जवळचा वाटणारा भाग मात्र मुंबईबाहेरचा आहे. कोकणात हापूसला मोहोर येण्यासाठी सलग काही गार, कोरड्या रात्री लागतात, आणि मोहोरापासून तयार फळापर्यंत साडेतीन-चार महिने जातात, म्हणजे पहिली थंडी डिसेंबरच्या सुरुवातीला आली की जानेवारीत, यावर वाशी मार्केटला पहिल्या पेट्या कधी येणार हे बरंच ठरतं. त्यातच मोहोर फुटलाय आणि झंझावात नि समुद्रावरची ओल एकत्र येऊन अवकाळी पाऊस झाला, जसा डिसेंबर २०२१ च्या सुरुवातीला झाला, की तुडतुड्यांची कीड, भुरी-करप्यासारखे रोग सगळं एकदम, आणि आदल्या दिवशी केलेली महागडी फवारणी धुऊन जाते. अशा बागायतदाराला महिनाभर आधीची अंदाजपंचे तारीख नको असते, त्याला चार दिवस आधीचा खात्रीचा अंदाज हवा असतो. हवामान खातं दर गुरुवारी पुढच्या काही आठवड्यांचा विस्तारित अंदाज देतं त्यावरून कल घ्यायचा आणि मग रोजच्या बुलेटिनमधला तो रेखांशाचा आकडा बघत राहायचं, ५० आला, ५८ आला, ६४ आला, आणि पाऊस दिसत असेल तर फवारणी चार दिवस पुढे ढकलायची.