फोनमधली जागा जाते कुठे?

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपूरच्या इतवारीत मारबत, म्हणजे मोठ्या पुतळ्यांची मिरवणूक, निघते तेव्हा रस्त्यावर जितकी माणसं, तितके मोबाईल वर धरलेले असतात. संध्याकाळपर्यंत कितीतरी जणांच्या फोनवर ‘स्टोरेज फुल’ झळकतं. मग गॅलरीतले फोटो धडाधड उडवले जातात आणि तक्रार येते, ‘एवढं डिलीट केलं, तरी जागा काही होऊन नाही राहिली!’

फोन बिघडलेला नसतो. गॅलरीतून काढलेला फोटो आधी ‘ट्रॅश’मध्ये जातो आणि बहुतेक फोनमध्ये 30 दिवस तिथेच राहतो. तेवढे दिवस त्याने अडवलेली जागा सुटत नाही. ट्रॅश रिकामा केला की आकडा लगेच हलतो.

दुसरं कारण जास्त खोल आहे: एकाच गोष्टीच्या प्रती. मारबतीचा एक मिनिटाचा फोरके (4K) व्हिडिओ आयफोनवर, सेकंदाला 30 फ्रेम या वेगाने, साधारण 170 एमबी घेतो. त्यातला मधला भाग कापून वेगळा सेव्ह केला, ही दुसरी फाइल. तो व्हॉट्सॲपवर पाठवला की ॲप त्याची लहान प्रत बनवतं. अँड्रॉइडवर ती ‘सेंट’ नावाच्या फोल्डरमध्ये पडून राहते. मूळ व्हिडिओ काढला तरी ही प्रत तशीच. म्हणून शोध गॅलरीत नव्हे, व्हॉट्सॲपच्या सेटिंग्जमधल्या ‘मॅनेज स्टोरेज’मध्ये सुरू करावा. तिथे 5 एमबीपेक्षा मोठ्या आणि वारंवार फॉरवर्ड झालेल्या फाइली वेगळ्या काढून दाखवतात. घरच्या ग्रुपवरचे ‘शुभ सकाळ’ तिथेच सापडतील.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगावीशी वाटते. अँड्रॉइडवर ‘क्लिअर कॅशे’ आणि ‘क्लिअर डेटा’ ही बटणं शेजारी-शेजारी असतात. कॅशे म्हणजे ॲपने वेग वाढावा म्हणून साठवलेला तात्पुरता माल. तो गेला तरी ॲप पुन्हा गोळा करतं. डेटा म्हणजे तुमचं लॉगिन, सेटिंग्ज, कधीकधी सगळ्या चॅट्सही. तसंच गूगल फोटोजमध्ये बॅकअप झालेला फोटो ॲपमधून डिलीट केला, तर तो फोनवरून आणि क्लाउडवरूनही जातो. फक्त फोनवरची प्रत हटवायची असेल तर ‘फ्री अप स्पेस’ वापरा. जुन्या लग्नाचे फोटो असे गमावलेल्या माणसाचा चेहरा बघवत नाही.

128 जीबीचा फोन संगणकाला 119 च्या आसपास वाटतो, तो केवळ मोजणीचा फरक आहे: कंपनी हजाराने मोजते, विंडोज 1024 ने. शिवाय अँड्रॉइड किंवा आयओएसलाही स्वतःची जागा लागतेच.

पण फोन काठोकाठ भरू देऊ नये, याचं खरं कारण आतल्या चिपमध्ये आहे. तोशिबाच्या फुजिओ मासुओका यांच्या गटाने 1987 मध्ये जगापुढे मांडलेली ‘नँड फ्लॅश’ मेमरी यात असते. ती लिहिते छोट्या ‘पानां’त, पण पुसते शेकडो पानांचा अख्खा ‘ब्लॉक’. लिहिलेल्या पानावर थेट दुसरं लिहिता येत नाही. म्हणून एका ब्लॉकमधली कामाची पानं आधी दुसरीकडे उतरवायची, मग तो पुसायचा. मोकळे ब्लॉक भरपूर असले की फोन हे काम निवांत वेळी उरकतो. ते संपत आले की नव्या फोटोआधी ही हलवाहलव करावी लागते आणि कॅमेरा अडखळतो. मे महिन्यात फोन अडकला की आपण उन्हाला बोल लावतो. ऊन कारण असतंच, पण एकदा स्टोरेजचा आकडाही बघा. दहाएक टक्के जागा कायम मोकळी ठेवावी, असं मी तरी सांगेन.