खांदा टिकतो, पण हात वर जातो का?

आषाढात शेवाळलेल्या जांभ्याच्या पायरीवरून घसरलेला माणूस हात टेकून पडतो. वय सत्तरीचं आणि हाडं ठिसूळ असली, तर दंडाच्या हाडाचा वरचा गोळा खांद्यातच फुटतो. पुष्कळदा नुसती झोळी पुरते, काहींना प्लेट बसवतात. तुकडेच फार झाले की कोल्हापूर, मुंबई नाहीतर गोव्यात बांबोळीच्या इस्पितळात गेल्यावर डॉक्टर सांधा बदलायचं सुचवतात. मग घरच्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: "किती वर्षं टिकेल?"

उत्तर तसं चांगलं आहे. परदेशांतल्या नोंदींप्रमाणे बदललेल्या दर दहा खांद्यांपैकी नऊच्या आसपास दहा वर्षांनीही जागेवर असतात. मात्र या हिशेबात 'टिकला' याचा अर्थ एवढाच, की तो काढून पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागली नाही. ज्या आजींचा हात वेणी घालायलाही वर जात नाही, पण "आता या वयात परत चिरफाड नको" म्हणून ज्या घरी बसल्या, त्यांचा सांधाही टिकलेल्यांतच मोजला जातो. म्हणून मला हा आकडा अपुरा वाटतो.

खांदा हा सांधाच अवघड. खुब्याचा गोळा खोल वाटीत बसतो. खांद्याचा मोठा गोळा उथळ, लहानशा खोबणीला टेकलेला असतो आणि त्याला जागेवर धरतात चार स्नायूंच्या दोरीसारख्या कंडरा, म्हणजे रोटेटर कफ. पॅरिसमध्ये ज्यूल पेआँ यांनी १८९३ मध्ये क्षयाने पोखरलेल्या खांद्यात प्लॅटिनम आणि रबराचा सांधा बसवला होता. दोनेक वर्षांत तो काढावा लागला. आजच्या सांध्याची वाट घालून दिली न्यूयॉर्कच्या चार्ल्स नीअर यांनी. १९५० च्या दशकात त्यांनी धातूचा गोळा बसवला आणि १९७४ पर्यंत त्याला प्लास्टिकच्या खोबणीची जोड दिली.

दुखणं सहसा सुरू होतं ते या खोबणीत. कफ धड असेल तोवर गोळा मधोमध फिरतो. कफ झिजला किंवा फाटला की गोळा वर सरकतो आणि खोबणीच्या एकाच कडेवर भार देतो. कुंपणाचा खुंट रोज थोडा थोडा हलवला तर जसा सैल होतो, तशी ती खोबण हाडातून सुटत जाते. म्हणजे धातू शाबूत राहतो, हार खातात आजूबाजूचे स्नायू आणि हाड.

यावर फ्रान्समधल्या पॉल ग्रामाँ यांनी १९८५ मध्ये उलटीच मांडणी केली. गोळा बसवला फऱ्याच्या हाडावर, म्हणजे मूळ खोबणीच्या जागी, आणि खोबण दंडावर. त्यामुळे कफ गेलेला असला तरी वरचा जाड डेल्टॉइड स्नायू एकटा हात उचलू शकतो. म्हातारपणी फुटलेल्या किंवा कफ पार गेलेल्या खांद्यासाठी आज बहुधा हाच उलटा सांधा वापरतात. वेदना छान कमी होते, हात वर जातो. पाठीमागे हात नेणं मात्र अनेकांना कायमचं अवघड राहतं. नऊवारीचा काष्टा खोचताना ते पहिल्याच दिवशी कळतं, आणि शौचाच्या वेळीही. हे आधी विचारायला कुणी लाजू नये. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या फ्रेंच पाहणीत असे ९३ टक्के सांधे दहा वर्षांनी जागेवर होते, तरी मधल्या काळात मिळालेली हालचाल आणि ताकद तोवर उतरणीला लागली होती.

वयाचा हिशेबही उलटा आहे. इंग्लंडमध्ये ठरवून केलेल्या सुमारे ५८ हजार शस्त्रक्रियांचा अभ्यास २०१९ मध्ये आला. त्यातल्या अंदाजानुसार ५५ ते ५९ वयाच्या पुरुषांत हयातीत पुन्हा शस्त्रक्रियेची वेळ चारांतल्या एकावर येते. पंच्याऐंशीपुढच्या बायकांत ३७ मधल्या एकीवर. तरुण माणूस जास्त जगतो आणि सांधा जास्त राबवतो. सत्तावन्नाव्या वर्षी खांदा बदलून पुढच्याच हंगामात हापूसच्या कलमाखाली झेला, म्हणजे आंबे उतरवायची जाळीची काठी, घेऊन उभं राहायचं, असं ठरवलेल्या बागायतदाराला डॉक्टर "अजून थांबू या" म्हणतात ते याचसाठी. रापण, म्हणजे मासेमारीचं मोठं जाळं, किनाऱ्यावर ओढण्याचा तर विचारही नको.

आणखी एक शत्रू आपल्याच कातडीत राहतो. क्युटिबॅक्टेरियम अ‍ॅक्नेस हा जंतू खांद्याच्या आणि काखेच्या तैलग्रंथींत असतो, आणि तो फार सावकाश वाढतो. ताप नाही, पू नाही, नुसता खांदा आखडतो आणि ठणकतो, तेही कधी वर्षा-दोन वर्षांनी. प्रयोगशाळेत नमुना दोन आठवड्यांपर्यंत ठेवावा लागतो. चार-पाच दिवसांत "काही नाही" म्हणणारा अहवाल पुरेसा नसतो.

खोबण सैल होताना सुरुवातीला दुखतेच असं नाही. एक्स-रेत तो सैलपणा आधी दिसतो. दुखत नाही म्हणून गुहागर-देवगडहून एवढा प्रवास करून कोण जाणार, हे समजण्यासारखं आहे. पण साधा एक्स-रे जवळच्या गावात काढून डॉक्टरांना दाखवता येतो. जुने एक्स-रे फेकू नयेत, कारण फरक त्यांच्याशी ताडूनच कळतो. डिस्चार्जच्या कागदांवर सांध्याच्या कंपनीचं नाव आणि आकार लिहिलेली चिकटपट्टी असते. पुढे कधी सांधा काढायचा झाला तर नव्या सर्जनला ती आधी लागते, तेव्हा सातबाऱ्याबरोबर तीही पावसाळी ओलीपासून प्लास्टिकच्या पिशवीत जपावी.